राजकारणावरून सख्ख्या भावाशी बोलणं बंद आहे, आता 10 दिवस एकाच घरात राहायचंय

ओली_माती

नमस्कार. लिहू की नको करत चार-पाच दिवस गेले, आज लिहूनच टाकते. लांबलंय, पण तुटक सांगितलं तर कळणार नाही.

मला एक धाकटा भाऊ आहे, 4 वर्षांनी लहान. राजकारणावर आमचं कधीच पटलं नाही, ते काही नवीन नाही. बाबा होते तेव्हा मतमोजणीच्या दिवशी आम्ही तिघं तीन पक्षांचे असायचो, दिवसभर टीव्हीसमोर कचाकचा भांडायचो आणि रात्री त्याच टीव्हीसमोर सोफ्यावर एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपून जायचो.

गेल्या निवडणुकीच्या वेळी त्याने फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. मला तो खोटा आणि विषारी वाटला, आजही वाटतो. मी तसं लिहिलं, त्याने उलट लिहिलं, मग चुलतभावाने मध्ये तेल ओतलं, कुणी हसायचे इमोजी टाकले आणि माझा तोल गेला, मी लिहिलं "तुझ्यासारख्या माणसांमुळेच देशाची ही अवस्था झालीये, तू माझा भाऊ आहेस हे सांगायची लाज वाटते". ग्रुपवर 23 जण आहेत. त्याने उत्तर दिलं नाही, गपचूप ग्रुप सोडला. ह्याला 7 महिने झाले. वाढदिवसाला मी मेसेज केला तर नुसती निळी टिक आली.

आता पुढच्या महिन्यात आईचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे आणि आम्ही दोघंही 10 दिवस तिच्याकडे राहणार आहोत. आई दोघांशी वेगवेगळं फोनवर बोलते आणि दोघांनाही सांगते की दुसरा तुझी फार आठवण काढतो. मला माहितीये की ती हे मनाचंच सांगते, आणि ते ऐकून जास्त तुटतं.

नवरा म्हणतो सरळ ठरवून टाका, घरात राजकारण बंद. पण मग काय, आयुष्यभर हवापाण्याच्या गप्पा मारायच्या का? आणि मी माफी मागितली तर त्याला वाटणार की ताईने मत मागे घेतलं. मत मला मागे घ्यायचं नाहीये. तो चूक आहे असं मला मनापासून वाटतं आणि त्या चुकीचं मोल दुसरेच लोक मोजतात. तर कुणी अशातून गेलंय का? खरंच विचारतेय.

जुना_कंदील

ताई, तुमच्या पोस्टमधला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला आकडा 23. समोर 23 माणसं बसवली की माणूस भावाशी बोलतच नाही, तो त्या 23 जणांशी बोलतो. तिथे "हो रे, हा मुद्दा बरोबर आहे तुझा" म्हणायला दोघांनाही जागा उरत नाही. त्यामुळे जे काय बोलायचं ते दोघांतच, आणि शक्यतो टाइप करून नाही, आवाज ऐकू येईल असं.

दुसरं, ते तुमचं वाक्य परत वाचून बघा. त्यात एकही धोरण नाहीये, कुठला कायदा नाही, कर नाही, योजना नाही. त्यात आहे "तुझ्यासारख्या" आणि "लाज". म्हणजे भांडण मतावरून सुरू झालं पण जखम मताला झालेली नाही. राज्यशास्त्रवाले ह्यालाच भावनिक ध्रुवीकरण म्हणतात, की मतांमधलं अंतर किती वाढलं ते एक, आणि समोरच्या बाजूच्या माणसाची चीड किती वाढली ते वेगळंच. शांतो अय्यंगार आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2012 चा पेपर आहे ह्यावर, अमेरिकेतला. तुमच्या मुलाने किंवा मुलीने दुसऱ्या पक्षाच्या माणसाशी लग्न केलं तर वाईट वाटेल का, असं 1960 मध्ये विचारलं होतं तेव्हा जेमतेम 4-5 टक्के लोक हो म्हणाले होते. 2010 मध्ये रिपब्लिकन लोकांपैकी जवळजवळ निम्मे आणि डेमोक्रॅट लोकांपैकी साधारण एक तृतीयांश हो म्हणाले. धोरणांवरची मतं काही त्या प्रमाणात लांब गेलेली नव्हती, माणसं गेली होती.

आणि ज्याची चीड येते त्याच्याबद्दल आपल्याला माहिती पण धड नसते. अमेरिकेतलाच 2018 चा अभ्यास आहे, आहलर आणि सूद यांचा. लोकांना विचारलं की रिपब्लिकन समर्थकांपैकी किती जण वर्षाला अडीच लाख डॉलरच्या वर कमावतात. लोकांचा अंदाज 38 टक्के, प्रत्यक्षात 2 टक्के. डेमोक्रॅट समर्थकांपैकी समलिंगी, उभयलिंगी, ट्रान्स किती, तर अंदाज 32 टक्के आणि प्रत्यक्षात 6. म्हणजे डोक्यात पक्षाचं एक चित्र तयार असतं आणि आपण त्या चित्राशी भांडत बसतो, समोर भाऊ असला तरी.

माफीचं म्हणाल तर माफी वाक्याची मागा, मताची नको. "ते मी सगळ्यांसमोर बोलले ते चुकलं." एवढंच. पुढे "पण" लावायचा नाही. "पण तू पण" म्हटलं की माफी तिथेच संपते आणि खटला सुरू होतो.

निळी_शाई

जुना_कंदील यांच्याशी सहमत. मला 2008 मधला जॉन मॅककेन आठवतो. ओबामाविरुद्ध अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवत होता, मिनेसोटात सभा होती, एका बाईने माईक घेतला आणि म्हणाली माझा ओबामावर विश्वास नाही, तो अरब आहे. मॅककेनने तिच्या हातून माईक घेतला आणि सांगितलं की नाही, तो एक सज्जन, कुटुंबवत्सल माणूस आहे, नागरिक आहे, माझे त्याच्याशी मूलभूत मुद्द्यांवर मतभेद आहेत, बस. त्याच सभेत त्याच्या स्वतःच्या लोकांनी त्याची हुर्यो उडवली होती, कारण तो म्हणाला ओबामाला घाबरायचं कारण नाही. निवडणूक महिन्यावर आलेली, माणूस मागे पडलेला, तरी बोलला.

आणि आपल्याकडे टिळक-आगरकर आहेतच की. इतके टोकाचे मतभेद, तरी आगरकर गेले तेव्हा केसरीतला मृत्युलेख टिळकांनीच लिहिला. तसं मन हवं.

काठावरून

मी थोडं वेगळं लिहिणार आहे, कुणाला दुखवायचं म्हणून नाही.

मॅककेनचा तो प्रसंग माझ्यासारख्याला कसा ऐकू येतो ते सांगतो. बाई म्हणाली तो अरब आहे, उत्तर आलं नाही, तो सज्जन आहे. म्हणजे अरब असणं आणि सज्जन असणं ह्या दोन विरुद्ध गोष्टी झाल्या का? मॅककेनच्या मनात तसं नसेल, त्या क्षणी त्याने हिंमतच दाखवली, ते मी नाकारत नाही. पण घरी बसून ते ऐकणाऱ्या एखाद्या अरब पोराला काय वाटलं असेल? त्याच महिन्यात कॉलिन पॉवेल, अमेरिकेचा माजी परराष्ट्रमंत्री, टीव्हीवर जे बोलला ते मला जास्त जवळचं. ओबामा मुस्लिम आहे अशी पण अफवा होती, तर पॉवेल म्हणाला की तो ख्रिश्चन आहे हे तर खरंच, पण समजा असता मुस्लिम तर काय बिघडलं असतं? आणि पॉवेल स्वतः रिपब्लिकन होता, मॅककेनच्याच पक्षाचा.

माझा शाळेतल्या मित्रांचा ग्रुप होता. मी ज्या समाजात जन्मलो त्याच्याबद्दल रोज काहीतरी यायचं. मी 4 वर्षं शांतपणे उत्तरं दिली, माहिती शोधून दिली, आवाज चढवला नाही. एकदा फक्त लिहिलं की मला ह्याचा त्रास होतो. उत्तर काय आलं, "अरे तू मनावर घेऊ नको, तू आपला आहेस, हे तुझ्याबद्दल नाहीये". त्या दिवशी मी ग्रुप सोडला. मग मलाच सगळे म्हणाले की तू संवाद तोडलास.

म्हणून सभ्यपणे बोला, दोन्ही बाजू ऐका असं कुणी म्हटलं की मी आधी बघतो हे सांगितलं कुणाला जातंय. कर किती असावा, शाळा सरकारने चालवाव्यात की खासगी, ह्यावर मी कुणाशीही रात्रभर बोलेन. मी इथे असावं की नसावं, ह्यावर दोन बाजू धरून चर्चा करायची ताकद माझ्यात नाही आणि ती असावी अशी अपेक्षाही कुणी करू नये.

ओली_माती, तुम्ही तुमच्या भावाशी जरूर बोला, आईसाठी बोला, तुमच्यासाठी बोला. पण तो फॉरवर्ड कुणाबद्दल होता? तुम्ही दोघं एकमेकांना मिठी माराल, चांगलंच आहे. ज्यांच्याबद्दल तो होता ती माणसं त्या मिठीत कुठे आहेत एवढं विचारतो.

सरळ_रेघ

काठावरून, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

निळी_शाई, टिळक-आगरकरांबद्दल थोडं, कारण ते उदाहरण आपण फार गोड करून सांगतो. कॉलेजातले दोस्त, 1880 ला शाळा काढली, 1881 ला केसरी आणि मराठा, 1882 ला कोल्हापूर प्रकरणात (तिथल्या दिवाणांच्या बदनामीचा खटला) दोघं मिळून डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढून आले. एवढं सगळं एकत्र भोगलेलं असून पुढे तुटलंच ना. आगरकरांनी केसरी सोडला, 1888 ला सुधारक हे स्वतःचं पत्र काढलं, आणि संमतिवयाच्या वादात (मुलींचं संमतीचं वय कायद्याने वाढवावं का, ह्यावरचा वाद) दोघं समोरासमोर, टिळक त्या कायद्याच्या विरोधात आणि आगरकर बाजूने. एकमेकांबद्दल जे लिहिलंय ते बोचरं आहे, वैयक्तिक पण आहे. 1895 मध्ये आगरकर गेले तेव्हा चाळिशीसुद्धा गाठलेली नव्हती. मृत्युलेख कितीही मनापासून लिहिला तरी तो ज्याच्यावर लिहिला त्याला वाचता येत नाही. मला ते उदाहरण मोठ्या मनाचं वाटत नाही, उशिराचं वाटतं. ओली_माती, त्यासाठीच म्हणतो, आईच्या ऑपरेशनची तारीख येईपर्यंत थांबू नका, आजच काहीतरी पाठवा. अगदी औषधांबद्दल पाठवा.

पाऊल_वाट

मी गेली काही वर्षं लोकांच्या दारोदार जाऊन बोलायचं काम करते (कुठल्या पक्षाचं नाही), म्हणून जरा कामाचं लिहिते.

"डीप कॅनव्हासिंग" म्हणून एक पद्धत आहे. 2008 मध्ये कॅलिफोर्नियात समलिंगी विवाहाच्या विरोधात मतदान झालं, त्यानंतर लॉस एंजेलिसमधल्या कार्यकर्त्यांनी ठरवलं की ज्यांनी विरोधात मत दिलं त्यांच्याच दारात जाऊन विचारायचं, का दिलंत. भांडायला नाही, खरंच विचारायला. त्यातून ही पद्धत हळूहळू घडली. गंमत म्हणजे, गंमत नाही खरं तर, ह्याच पद्धतीवरचा एक गाजलेला अभ्यास 2015 मध्ये मागे घ्यावा लागला कारण त्यातली आकडेवारी विश्वासार्ह नव्हती. ते उघडकीला आणणाऱ्यांतलेच दोघं, ब्रूकमन आणि काला, यांनी मग मायामीत स्वतः नीट प्रयोग केला, 2016 मध्ये छापून आला. ट्रान्स लोकांबद्दलचा पूर्वग्रह, दारात उभं राहून साधारण 10 मिनिटांचं बोलणं, आणि झालेला बदल 3 महिन्यांनी मोजला तरी टिकून होता. सगळ्यांचा नाही झाला बदल, बऱ्याच जणांचा झालाच नाही, पण जो झाला तो टिकला. पुढे 2020 च्या अभ्यासात त्यांनी हेही तपासलं की ह्यात काम नेमकं कशाने होतं. दोघांनी एकमेकांना न जोखता आपापले अनुभव सांगणं हा भाग काढून टाकला आणि नुसते मुद्दे मांडले तर परिणाम दिसेनासा झाला.

माझ्या कामातून मी शिकलेली सगळ्यात छोटी गोष्ट सांगते. "तुला असं कसं काय वाटू शकतं?" आणि "तुला असं पहिल्यांदा कधी वाटायला लागलं?" हे ऐकायला जवळजवळ सारखे प्रश्न आहेत. पहिल्याने माणूस वकील होतो, दुसऱ्याने तो आठवायला लागतो. आठवायला लागला की आवाज खाली येतो, मी शेकडो वेळा बघितलंय हे, दारात आधी कडी धरून उभे असलेले लोक हळूच कडी सोडतात. मग त्याने काय सांगितलं ते आपल्या शब्दांत परत त्यालाच सांगायचं, आणि तो "हो, हेच म्हणतोय मी" म्हणेपर्यंत आपलं सुरू करायचं नाही. हे फार अवघड आहे, जिभेवर उत्तर तयार असतं. आणि मग आपलं सांगायचं ते पण मुद्द्याच्या रूपात नाही, माझ्यावर किंवा माझ्या ओळखीच्या कुणावर काय गुदरलं त्या रूपात.

लिंक पाठवू नका, हात जोडून सांगते. क्रिस बेल आणि सहकाऱ्यांचा 2018 चा प्रयोग आहे, ट्विटरवर लोकांना महिनाभर विरुद्ध बाजूच्या पोस्ट दाखवल्या. वाटलं होतं जरा मवाळ होतील. रिपब्लिकन लोक आणखी कडवे झाले, डेमोक्रॅट लोकांमध्ये नाव घेण्यासारखा फरक पडला नाही. नुसता विरुद्ध विचार कानावर आदळून काही होत नाही.

नवऱ्याचा नियम पहिले तीन-चार दिवस चांगला आहे, ऑपरेशनच्या धावपळीत कुणाची झोप झालेली नसते, तेव्हा हा विषय काढूच नका. कायमचा नियम नको.

काठावरून, तुमचं बरोबर आहे आणि आमच्या कामात आम्ही ते पाळतो, ज्याच्यावर घाव होतोय त्याला दारात पाठवायचं की नाही हे तो स्वतः ठरवतो. त्याने नाही म्हटलं तर ते काम बाकीच्यांचं. ओली_मातीसारख्यांचं. भाऊ तिचा आहे, तिचं तो ऐकायची शक्यता आहे, तुमचं त्याने ऐकावं म्हणून तुम्ही कशाला परत जखम उघडी करायची.

ओली_माती

सहा आठवड्यांनी लिहितेय, माफ करा, मध्ये खरंच वेळ नव्हता. आई आता वॉकर सोडून काठीवर आलीये.

सरळ_रेघ यांचं वाचलं त्याच रात्री भावाला मेसेज केला, आईच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची यादी तुझ्याकडे आहे का. दोन मिनिटांत फोटो आला. बाकी शब्द नाही. पण आला.

पहिले 3 दिवस आम्ही फक्त आई, डॉक्टर, फिजिओ एवढंच बोललो. चौथ्या रात्री आई झोपली होती, दोघं बाहेर बसलो होतो, मी म्हटलं ग्रुपवर मी सगळ्यांसमोर जे बोलले ते चुकलं. "पण" अगदी ओठावर आला होता, गिळला. तो खूप वेळ गप्प होता आणि मग म्हणाला, ताई, लाज वाटते हा शब्द बाबांनी पण मला कधी वापरला नव्हता. मला रडू आवरलं नाही, त्यालाही.

मग दुसऱ्या दिवशी मी विचारलं, तुला असं पहिल्यांदा कधी वाटायला लागलं. त्याने जे सांगितलं ते मला 7 महिने काय, 7 वर्षं माहीत नव्हतं. त्याचा धंदा बुडला तेव्हा तो ज्यांच्या ज्यांच्या दारात गेला, त्यात मी ज्यांना चांगले समजते अशी माणसं होती, त्यांनी त्याला उभं केलं नाही, आणि ज्यांनी केलं ते त्या बाजूचे होते. त्याला पुस्तकातून मत मिळालेलं नाही, त्याला तिथे खुर्ची मिळाली होती बसायला. माझं मत ह्याने बदललं नाही. पण तो "तुझ्यासारखी माणसं" राहिला नाही.

काठावरून, तुमचा प्रश्न मी सोडला नाही, सगळे दिवस डोक्यात होता. तो फॉरवर्ड एका समाजाबद्दलच होता. सातव्या दिवशी मी त्याला सांगितलं की आपलं मिटलं तरी तो मेसेज खोटा होता आणि ज्यांच्याबद्दल होता ती खरी माणसं आहेत, माझ्या ऑफिसात माझ्या शेजारी बसतात, त्यातल्या एकीने तोच मेसेज मला दाखवला होता आणि विचारलं होतं की तुझ्या घरी पण असं बोलतात का. मी तेव्हा नाही म्हटलं होतं. हे मी त्याला पहिल्यांदाच सांगितलं. तो म्हणाला मी तो पूर्ण वाचलाही नव्हता, टाकला. मग चिडला, म्हणाला तुमच्या बाजूचे काय कमी खोटं पसरवतात, आणि त्याने दोन उदाहरणं दिली. एक मला माहीत होतं आणि मी तेव्हा गप्प बसले होते. ते मी कबूल केलं. दुसरं पटलं नाही, त्यावर वाजलं चांगलंच, आई आतून ओरडली की काठी घेऊन येते बाहेर.

आता आम्ही बोलतो, आठवड्यातून दोनदा तरी. तो ग्रुपवर परत आलेला नाही. त्यामुळे तो मेसेज खोटा होता हे त्या बाकीच्या लोकांना अजून कुणीही सांगितलेलं नाही. मी म्हणते ते त्याने सांगावं, तो म्हणतो त्या चुलतभावासमोर मी परत मान खाली घालणार नाही, तूच लिही. रविवारी पुन्हा त्याच्यावर बोलायचं ठरलंय.